पाणी घालावं तशी चढत जाणारी रेघ

“मॅडम, आमचा ग्राफ उलटा आलाय.”

दुपारचे साडेतीन. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचं पॉलिमरचं, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंचं, प्रॅक्टिकल. ग्राफ पेपर धरून दोघीजणी टेबलापाशी उभ्या. उलटा म्हणजे काय, हे लांबूनच दिसत होतं. या प्रयोगात रेघ डावीकडे उतरत जाते. द्रावण पातळ करत जावं तशी उभ्या अक्षावरची किंमत थोडी थोडी कमी होते, पाच ठिपके बऱ्यापैकी एका ओळीत बसतात, पट्टी लावून रेघ डाव्या अक्षाला टेकवायची, तिथला आकडा जर्नलमध्ये उतरवायचा आणि चहाला जायचं. यांची रेघ डावीकडे चढत होती, आणि तीही थोडीथोडकी नाही. सगळ्यात पातळ द्रावणाचा ठिपका सगळ्यात दाट द्रावणाच्या तिप्पट उंचीवर होता.

चूक आपलीच असणार असं धरून दोघी आल्या होत्या. निम्मी चूक माझी होती. बाकी जोड्यांना पॉलिव्हिनाइल अल्कोहोल दिलं होतं. यांच्यापर्यंत येईतो बाटली संपली, म्हणून प्रयोगशाळेतल्या मामांना कपाटातली सीएमसी काढून द्यायला सांगितलं. सीएमसी म्हणजे सोडियम कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज. आइस्क्रीममध्ये असते, टूथपेस्टमध्ये असते, सुताच्या सायझिंगमध्येही वापरतात. दोन्ही पांढऱ्या पावडरी, दोन्ही पाण्यात विरघळणाऱ्या. त्या घाईत एवढाच विचार केला.

आधी प्रयोग थोडक्यात सांगते. उबेलोडे व्हिस्कोमीटर ही तीन नळ्यांची काचेची वस्तू. मधल्या नळीच्या वरच्या फुग्यावर दोन खुणा असतात आणि फुग्याखाली केसासारखी बारीक कॅपिलरी. द्रावण वर ओढायचं, सोडायचं, वरच्या खुणेला स्टॉपवॉच चालू, खालच्या खुणेला बंद. श्यानता म्हणजे द्रवाचा घट्टपणा, वाहण्याला होणारा अडथळा. द्रावणाला लागलेला वेळ भागिले नुसत्या पाण्याला लागलेला वेळ, ही सापेक्ष श्यानता. त्यातून १ वजा केला की पॉलिमरमुळे वाढलेला हिस्सा उरतो, ती विशिष्ट श्यानता. तिला पॉलिमरच्या प्रमाणाने, म्हणजे शंभर मिलीत किती ग्रॅम त्याने, भागलं की दर ग्रॅमचा वाटा कळतो. ही झाली रिड्यूस्ड व्हिस्कॉसिटी, आणि उभ्या अक्षावर तीच मांडतात. मॉरिस हगिन्स यांनी १९४२ मध्ये दाखवलं की द्रावण पुरेसं विरल असेल तर ही किंमत प्रमाणाबरोबर सरळ रेषेत वाढते. रेघ शून्य प्रमाणाशी जिथे टेकते तो इंटरसेप्ट, आणि तिथली किंमत ही इंट्रिन्सिक व्हिस्कॉसिटी. एकटा रेणू, शेजारी कोणी नसताना, आजूबाजूच्या द्रवाला किती अडवतो याचा हा हिशेब. रेणुभार काढायला हाच आकडा लागतो.

शून्य प्रमाणाचं द्रावण मात्र कोणी मोजत नाही. मोजणारच कसं? तिथे पाणीच असतं. म्हणजे ज्या आकड्यासाठी सगळा खटाटोप, तो मोजलेला नसतोच. पट्टीच्या भरवशावर काढलेला असतो. रेघ सरळ आहे तोवर याचं कोणाला काही वाटत नाही.

दोघींची मोजणी नीट होती, हे आधीच सांगून टाकते. नळी बुडवून ठेवायचा पाण्याचा बाथ ३० अंशांवर, दर वेळी तीन वाचनं, तिन्हींत फरक ०.१ सेकंदाचा. पाण्याला १०४.२ सेकंद. शंभर मिलीत ०.२ ग्रॅम सीएमसी असताना साधारण ३५४ सेकंद. सगळ्यात पातळ, म्हणजे ०.०१२५ ग्रॅम असताना १५१ सेकंद. रिड्यूस्ड व्हिस्कॉसिटी दाट टोकापासून पातळ टोकापर्यंत अशी: १२, १६, २२, २८, ३६. एकक डेसिलिटर प्रति ग्रॅम.

त्या वयात मी सगळ्यात आधी काचेवर संशय घेतला असता. दोघींनीही घेतला. संशय अगदीच पोकळ नव्हता. आधीच्या जोडीचं पॉलिमर कॅपिलरीच्या भिंतीला चिकटून राहतं, भोक अरुंद होतं, वेळ वाढतो. १९५५ मध्ये ओर्न यांनी हे लक्षात आणून दिलं. त्याआधी पॉलिस्टायरीनच्या अतिविरल द्रावणांत रेघ डाव्या टोकाला वर वळते म्हणून बरीच चर्चा झाली होती आणि रेणूच तिथे आकार बदलत असेल, असंही बोललं जात होतं. हिशेब सोपा आहे. समजा कॅपिलरीची त्रिज्या ०.२ मिलिमीटर आणि चिकटलेला थर ५० नॅनोमीटरचा. त्रिज्या घटली एकास चार हजार या प्रमाणात. पण प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर चालतो, म्हणून वेळ वाढतो हजारात एक. शंभर सेकंदांत ०.१ सेकंद. दाट द्रावणात हे कोणाला दिसणारही नाही. पण उभ्या अक्षावर जाताना हाच ०.००१ प्रमाणाने भागला जातो. प्रमाण ०.१ असेल तर चूक ०.०१, प्रमाण ०.००१ असेल तर चूक १. चूक तेवढीच राहते, भाजक मात्र झिजत जातो. रेघ डाव्या टोकाला उंच जाणारच.

म्हणून मी दोघींना दुसरा आलेख काढायला लावला. प्रमाणाने भागायचंच नाही. नुसती विशिष्ट श्यानता उभी, प्रमाण आडवं. भागाकाराने जे फुगतं ते इथे फुगत नाही. पॉलिमर शून्य असेल तर वाढही शून्य, म्हणून वक्र मूळबिंदूतून जायला हवा. नाही गेला, थोडा वर टेकला, तर ती वाढ यंत्राची आहे: काच मळलेली, पाण्याचा वेळ चुकलेला, बाथ सरकलेला. दहा मिनिटांचं काम असतं, आणि माझ्या पाहण्यात निम्म्या ‘विचित्र’ आलेखांचा निकाल इथेच लागतो.

यांचा वक्र मूळबिंदूकडेच चालला होता. फक्त सरळ नव्हता, कमानीसारखा होता. शिवाय गणित सरळ होतं: सगळ्यात पातळ द्रावणाला ३६ ऐवजी दाट द्रावणाइतकी १२ ही किंमत यायला हवी होती असं धरलं, तर विशिष्ट श्यानतेत ०.३ चा घोटाळा लागेल. म्हणजे वेळेत तब्बल ३१ सेकंद. एवढे सेकंद काच खात नाही. तरीही मामांनी नळी ॲसिटोनने धुऊन, वाळवून दिली आणि पाण्याचा वेळ पुन्हा घेतला. १०४.२. काच सुटली.

उरली सीएमसी. तिच्या साखळीवर जागोजागी ऋण भार असतात. पाण्यात सोडियमचे आयन सुटे होतात आणि भार उघडे पडतात. दाट द्रावणात हे सुटे सोडियमच इतके असतात की भारांना एकमेकांपासून झाकून ठेवतात. पाणी घालत गेलं की झाकणारे पांगतात. पूर्वी गर्दीत कोणाचं लक्ष नव्हतं, ते आता एकमेकांना लांबून ढकलू लागतात. साखळी ताठ होते, पसरते, आणि दर ग्रॅमचा अडथळा वाढतो. पाणी घातल्याने द्रावण एकूण पातळच होत असतं, ३५४ सेकंदांवरून १५१ वर आलेलं आहे. वाढतो तो वाटा. माणसं कमी झाली तरी प्रत्येकाने पाय पसरले, असा प्रकार.

हे कोडं आमच्या दोघींचं नव्हे. येल विद्यापीठात रेमंड फुऑस आणि उलरिच स्ट्राउस यांनी १९४८ मध्ये पॉलिव्हिनाइलपिरिडिनला ब्यूटाइल ब्रोमाइड जोडून धन भाराच्या साखळ्या बनवल्या आणि नेमकी अशीच चढती रेघ काढली. पोटॅशियम ब्रोमाइड टाकलं की रेघ खाली बसायची. फुऑस यांनी चढत्या रेघेला सूत्रही दिलं: रिड्यूस्ड व्हिस्कॉसिटीचा व्यस्तांक घ्या आणि तो प्रमाणाच्या वर्गमुळाशी मांडा, रेघ सरळ होते. दोघींनी मोजलेल्या टप्प्यात याचा अर्थ असा की द्रावण चौपट पातळ केलं तरी पाण्यावरची वाढ चौथाईवर येत नाही, निम्म्याच्या आसपास राहते. दोघींच्या कमानीला हे चपखल बसत होतं.

त्यांनी मग साहजिकच पट्टी लावली. व्यस्तांकांची सरळ रेघ अक्षाला टेकवली आणि उत्तर आलं १०८.

मोजलेला सगळ्यात मोठा आकडा ३६, आणि पट्टी म्हणते १०८! मी विचारलं, “मधले बहात्तर कुठून आले?” एकीने प्रामाणिकपणे सांगितलं, “ग्राफमधून.” सरळ रेघेची भुरळ कशी असते ते इथे नीट दिसतं. पाच ठिपके ओळीत बसले म्हणून सहावाही तिथेच बसेल, याची हमी निसर्गाने दिलेली नाही. आणि या बाबतीत तर नाहीच बसत. १९८८ मध्ये कोहेन, प्रिएल आणि राबिन यांनी सोडियम पॉलिस्टायरीन सल्फोनेटची फार फार विरल द्रावणं मोजली, तेव्हा रेघ चढता चढता एका शिखराला पोचून पुन्हा उतरली. मीठ वाढवावं तसं शिखर सरकत जात होतं. कारण पाणी कधीच रिकामं नसतं. उघड्या भांड्यातलं डिस्टिल्ड पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पीएच ५.६ च्या जवळ येतं. थोडे आयन काचेतून, थोडे आपल्या हातांतून. पॉलिमर पुरेसा विरळ झाला की हा उरलासुरला गाळच झाकण्याचं काम करू लागतो आणि साखळी पुन्हा आवळते. दोघींची द्रावणं त्या शिखराच्या कितीतरी अलीकडे होती, म्हणून त्यांना फक्त चढ दिसला. शिखर न पाहताच पट्टी आभाळात गेली.

आणखी एक गोष्ट मला त्या दिवशी फळ्यावर मांडावीशी वाटली, कारण पुस्तकं ‘विरल द्रावण’ हा शब्द फार सहज वापरतात. विरल कधी म्हणायचं? साखळ्यांचे पसारे एकमेकांना लागत नाहीत तोवर. ढोबळ मर्यादा असते इंट्रिन्सिक व्हिस्कॉसिटीचा व्यस्तांक. किंमत ५ असेल तर मर्यादा ०.२ ग्रॅम. पण ३६ किंवा त्याहून जास्त असेल तर ०.०३ च्याही खाली. म्हणजे बिनमिठाच्या पाण्यात दोघींनी जे विरल म्हणून मोजलं, त्यातलं बरंचसं विरल नव्हतंच. साखळ्या लांबूनच एकमेकींना ढकलत होत्या. चढ नक्की कशामुळे, साखळी पसरल्यामुळे की साखळ्यांच्या आपापसातल्या ढकलाढकलीमुळे, यावर १९८० च्या दशकापासून दुसऱ्या कारणाकडे पारडं बरंच झुकलं. माझं वर्गातलं ‘पाय पसरण्याचं’ उदाहरण म्हणूनच अर्धंच खरं आहे. त्याला ‘आणि शेजाऱ्याला लांबूनच हटकलं’ हे जोडायला हवं. कॅपिलरीतून वेगाने घसरताना ताठ साखळ्या प्रवाहाच्या दिशेने वळतात, त्यामुळे वेळही खऱ्यापेक्षा कमी येतो, हा तिसरा फाटा. त्यात शिरले नाही.

उपाय जुनाच, फुऑस यांचाच. मीठ टाका. पुढच्या गुरुवारी दोघींनी लिटरला ०.१ मोल साध्या मिठाचं पाणी बनवलं आणि त्यात सीएमसी विरघळवली. शुद्ध पाण्यात भारांचा प्रभाव शेकडो नॅनोमीटरपर्यंत पोचू शकतो. एवढ्या मिठात तो एका नॅनोमीटरवर येतो. भार असून नसल्यासारखे.

पहिली ठेच लगेच. उबेलोडेची सोय अशी की द्रावण नळीतच पातळ करता येतं, कारण कॅपिलरीखालचा द्रव हवेत तोललेला राहतो आणि खालच्या फुग्यात किती भरलंय याने वेळ बदलत नाही. सवयीने एकीने पिपेट डिस्टिल्ड पाण्याच्या बाटलीत बुडवली. मी मागे उभी होते म्हणून. पाणी गेलं असतं तर सीएमसीबरोबर मीठही निम्मं झालं असतं, आणि कमी होत जाणाऱ्या मिठाबरोबर रेघ पुन्हा वाकली असती. पातळ करायचं ते मीठपाण्यानेच. पाल्स आणि हर्मान्स यांनी पेक्टिनवर काम करताना १९५० च्या आसपास हीच गोष्ट नेमकेपणाने मांडली: पातळ करताना द्रावणातल्या एकूण आयनांचं प्रमाण हलू द्यायचं नाही.

दुसरी ठेच मला दिसली नाही. दाट टोकापासून वेळ आले: २४७.०, १६६.८, १३३.७, ११८.८, १११.८ सेकंद. शुद्ध पाण्यातल्या ३५४ च्या जागी २४७, म्हणजे मिठाने काम केलं होतं. दोघींनी भागाकार केले आणि रिड्यूस्ड व्हिस्कॉसिटी आली ६.८५, ६.०१, ५.६६, ५.६०, आणि शेवटी ५.८३. रेघ शहाण्यासारखी उतरत आली आणि शेवटच्या ठिपक्याला हॉकीच्या काठीसारखी वर वळली.

“मॅडम, मीठ कमी पडलं का?”

मलाही क्षणभर तसंच वाटलं, हे कबूल करते. भाराचं भूत एकदा डोक्यात बसलं की सगळीकडे तेच दिसतं. मग मागच्या आठवड्याचा नियम आठवला आणि आधी तो दुसरा आलेख काढायला सांगितला, भागाकाराशिवायचा. या वेळी कमान नव्हती. पातळ टोकाकडे जवळजवळ सरळ रेघ होती. पण मूळबिंदूतून जात नव्हती. अक्षावर ०.०१ च्या जवळ टेकत होती.

भागलं कशाने? दोघींच्या जर्नलमध्ये पाण्याचा वेळ होता १०४.२, मागच्या आठवड्यातला. पण हे पाणी नव्हतं, मीठपाणी होतं. एवढं मीठ पाण्याची श्यानता जेमतेम १ टक्क्याने वाढवतं. आमटीत कोणाला कळायचं नाही. मीठपाणी नळीत घालून मोजलं: १०५.१ सेकंद. नवा भाजक घेऊन आकडे आले ६.७५, ५.८७, ५.४४, ५.२१, ५.१०. पट्टी लावली. पाचही ठिपके पट्टीला चिकटले आणि रेघ अक्षाला ५.० वर टेकली. उतारावरून हगिन्सचा स्थिरांक ०.३५ आला, चांगल्या द्रावकात साधारण येतो तेवढाच.

०.९ सेकंदाचा फरक. दाट टोकाला त्याने ६.७५ चे ६.८५ केले, कोणी भुवईही उंचावली नसती. पातळ टोकाला ५.१० चे ५.८३ केले. त्या शेवटच्या ठिपक्याकडे नीट बघा: द्रावण १११.८, मीठपाणी १०५.१, म्हणजे सीएमसीची सगळी कहाणी ६.७ सेकंदांत मावलेली आहे. अंगठा ०.१ सेकंद उशिरा पडला तरी दीड टक्का गेला. बाथ अंशाच्या दहाव्या भागाने सरकला तर पाण्याची श्यानता ०.२ टक्के बदलते, म्हणजे पुन्हा ०.२ सेकंद. म्हणूनच अनुभवी माणसं सापेक्ष श्यानता १.१ च्या खाली जाईल असं द्रावण शक्यतो घेत नाहीत. दोघींचा शेवटचा ठिपका १.०६ वर होता. तो घ्यायला मीच लावला होता, ‘जितकं पातळ तितकं शून्याच्या जवळ’ या भाबड्या हिशेबाने. शून्याच्या जवळ खरं, पण तिथे उजेड कमी.

पायाच्या चुकीवरून आठवलं. विरल द्रावणाच्या श्यानतेचा पहिला हिशेब आइन्स्टाइनचा, प्रबंधातला, १९०६ मध्ये छापून आलेला. द्रवात तरंगत्या गोळ्यांमुळे श्यानता किती वाढते ते काढायला गोळ्यांच्या आकारमानाला कितीने गुणायचं, तो गुणक त्यात १ निघाला होता. पॅरिसमध्ये पेरँ यांच्या प्रयोगशाळेत बान्सलां यांनी प्रत्यक्ष मोजलं, तर वाढ त्यापेक्षा बरीच जास्त. आइन्स्टाइनने आपला सहकारी लुडविग हॉप्फ याला आकडेमोड तपासायला सांगितली, चूक सापडली, आणि १९११ मध्ये गुणक २.५ झाला. दोघींच्या ५.० ला त्याच २.५ ने भागलं तर २ डेसिलिटर येतात. म्हणजे मीठपाण्यात एक ग्रॅम सीएमसी २०० मिली जागा अडवून बसते. एका ग्रॅमची पावडर चमच्याच्या टोकावर मावते. विरघळली की ग्लासभर. हे ऐकून दोघींपैकी जी आतापर्यंत गप्प होती तिने पावडरची बाटली उचलून उजेडात धरून पाहिली. प्रॅक्टिकल घेताना असे क्षण फार मिळत नाहीत.

जर्नलमध्ये दोन आलेख गेले. मीठपाण्याच्या आलेखाखाली ५.०, आणि शेजारी मिठाचं प्रमाण आणि तापमान, कारण त्यांच्याशिवाय तो आकडा निराधार आहे. शुद्ध पाण्याच्या आलेखावर पाच ठिपके आणि त्यांतून हाताने काढलेला वक्र, जो ०.०१२५ पाशी थांबतो. अक्षापर्यंत रेघ नाही. १०८ खोडून टाकायचे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, राहू द्या, वर एक आडवी रेघ मारा, दिसले पाहिजेत.

परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं त्याच पानावर बोट ठेवलं.

“इंटरसेप्ट कुठाय?”

“काढता येत नाही, सर.”

“का?”

तिने पेन्सिल घेतली आणि वक्राच्या डाव्या टोकाला, जिथे ठिपके संपले होते तिथून पुढे, तुटक रेघेने एक टेकडी काढायला सुरुवात केली.